मदतीचं बटण दाबल्यावर: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

संगणक अडला की तुम्ही मदत कुठे शोधता आणि ती कुठे अपुरी पडते, असं आम्ही गेल्या अंकात विचारलं होतं. इंदूर आणि आसपासहून आलेल्या पत्रांपैकी सहा इथे घेतली आहेत. मेनूंची आणि बटणांची नावं आम्ही मराठी केलेली नाहीत. स्क्रीनवर दिसतात तीच देवनागरीत लिहिली आहेत, म्हणजे शोधताना अडायला होणार नाही.

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब मी एक्सेलमध्ये ठेवते. छापायला गेलं की शेवटचा 'शेरा' हा रकाना एकटाच दुसऱ्या कागदावर निघतो. एफ-वन दाबलं तर कधी आवाज बंद होतो, कधी इंटरनेट उघडतं, कधी बाजूला एक खिडकी येते. त्या खिडकीत 'कॉलम कट इन प्रिंट' असं इंग्रजीत लिहून पाहिलं, तर भलतीच पानं आली. हे बटण नक्की करतं काय?
— निवृत्त शिक्षिका, लोकमान्यनगर

उत्तर: आधी बटणाचं पाहू. लॅपटॉपवर एफ-वनच्या बटणावर बहुधा आवाजाचं किंवा उजेडाचं चित्र असतं आणि कारखान्यातून येतानाच त्या चित्राचं काम पुढे ठेवलेलं असतं. खरं एफ-वन हवं असेल तर डावीकडे खाली असलेलं एफएन धरून ठेवायचं आणि मग एफ-वन दाबायचं. बऱ्याच लॅपटॉपांवर एफएन आणि एस्केप एकत्र दाबलं की हा क्रम कायमचा उलटतो. दुसरी गोष्ट अशी की एफ-वन त्या क्षणी जी खिडकी पुढे असेल तिची मदत आणतं. डेस्कटॉपवर क्लिक झालेलं असेल तर विंडोज ब्राउझर उघडून इंटरनेटवर शोधायला लागतं. एक्सेलच्या चौकटीत क्लिक असेल तर एक्सेलची मदत उजवीकडे उघडते. म्हणून आधी चौकटीत क्लिक, मग एफ-वन. ही मदतही आता इंटरनेटवरूनच येते, त्यामुळे नेट बंद असेल तर ती बाजूची खिडकी रिकामीच राहते. 'ऑनलाइन हेल्प' हा शब्द आला तेव्हा त्याचा अर्थ छापील पुस्तकाऐवजी स्क्रीनवर दिसणारी मदत एवढाच होता, इंटरनेटशी त्याचा संबंध नव्हता. ती मदत संगणकातच असे. आता ती बाहेर गेली आहे, आणि नेट नसताना नेमकी तीच सापडत नाही.

आता शब्दाचं. तुमच्या दृष्टीनं रकाना कापला जातोय, म्हणून तुम्ही 'कट' लिहिलंत. पण एक्सेलच्या भाषेत कट म्हणजे एका जागेवरून उचलून दुसरीकडे चिकटवणं. त्यामुळे तुम्हाला कट-पेस्टची पानं मिळाली. यात तुमचं काही चुकलेलं नाही. संशोधक जॉर्ज फर्नस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये याच गोष्टीचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच वस्तूला किंवा कामाला दोन माणसांनी आपापल्या मनानं नाव दिलं तर ते जुळण्याची शक्यता २० टक्क्यांहूनही कमी निघाली. म्हणजे मदत लिहिणाऱ्यानं एकच शब्द धरून पान लिहिलं तर पाचांपैकी चार जणांना ते सापडणार नाही. मदत असूनही न मिळण्याचं सगळ्यांत मोठं कारण हेच, असं आमचं मत आहे. पुढच्या पत्रांतही ते पुन्हा पुन्हा दिसेल.

म्हणून मदतीत शोधण्याआधी यंत्राचा स्वतःचा शब्द मिळवायचा. ज्या बटणाबद्दल शंका आहे त्यावर क्लिक न करता माउस दोन सेकंद ठेवला की त्याचं नाव दिसतं, तो शब्द टिपून घ्या. बटणच माहीत नसेल तर ऑल्ट आणि क्यू दाबा, वरच्या शोधाच्या जागेत कर्सर जातो. तिथे लांब वाक्य नको. कामाचं एकच नाम लिहा, उदाहरणार्थ 'प्रिंट' किंवा 'पेज'. तिथे मिळालेल्या आज्ञेवर क्लिक केलं की काम तिथल्या तिथे सुरू होतं. लेख वाचून मेनू शोधत बसण्यापेक्षा हे पुष्कळ बरं.

तुमच्या अडचणीसाठी यंत्राचा शब्द आहे 'स्केलिंग'. कंट्रोल आणि पी दाबा. डावीकडे सेटिंग्जखाली सगळ्यांत शेवटी 'नो स्केलिंग' दिसेल, तिथे 'फिट ऑल कॉलम्स ऑन वन पेज' निवडा. 'फिट शीट ऑन वन पेज' निवडू नका. त्यात वर्षभराच्या ओळीही एका पानात कोंबल्या जातात आणि अक्षर वाचवत नाही. रकाने दहा-बाराच्या पुढे असतील तर आधी 'पोर्ट्रेट'चं 'लँडस्केप' करा. त्याच यादीत कागद 'लेटर' नसून 'ए-फोर' आहे ना, तेही पाहा. लेटर हा अमेरिकी कागद आहे, २१६ बाय २७९ मिलिमीटर. आपला ए-फोर २१० बाय २९७ आहे. रुंदीतला हा ६ मिलिमीटरचा फरक लेटरवर बसणारा शेवटचा रकाना ए-फोरवर बाहेर ढकलायला पुरतो.

प्रश्न: दुकानावर जुनं अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर आहे. त्याची हेल्प उघडली की डावीकडे विषयांची यादी दिसते, उजवीकडे कोरं पान. आणि एरर आली की कंपनीवाले म्हणतात 'डिटेल पाठवा'. आता डिटेल म्हणजे काय पाठवायचं? फोटो काढून पाठवला तर म्हणतात स्पष्ट नाही.
— व्यापारी, सियागंज

उत्तर: कोऱ्या पानाचा उपाय दोन मिनिटांचा आहे. तुमची हेल्प 'सीएचएम' नावाची फाइल असणार. मायक्रोसॉफ्टनं १९९७ मध्ये आणलेला हा प्रकार जुन्या सॉफ्टवेअरांबरोबर आजही येतो. ही फाइल मेलनं किंवा डाउनलोड होऊन आली असेल तर विंडोज तिच्यावर 'बाहेरून आलेली' असा शिक्का ठेवतं आणि आतला मजकूर दाखवत नाही. यादी दिसते म्हणून माणसाला वाटतं फाइल खराब आहे. ती खराब नसते. फाइलवर राइट क्लिक करा, 'प्रॉपर्टीज' उघडा. 'जनरल' टॅबच्या तळाशी 'अनब्लॉक'ची चौकट दिसेल, तिथे खूण करून 'अप्लाय' म्हणा. मात्र फाइल त्या कंपनीकडूनच आली आहे याची खात्री असेल तरच, कारण या प्रकारच्या फाइलमधून व्हायरसही येऊ शकतो. शिक्का काढूनही पान कोरंच असेल तर दोन गोष्टी तपासा. फाइल दुसऱ्या संगणकाच्या शेअर केलेल्या फोल्डरमध्ये असेल तर ती तिथून उघडत नाही, स्वतःच्या डिस्कवर कॉपी करा. आणि ज्या फोल्डरात ती आहे त्याच्या नावात हॅशचं चिन्ह असेल तर ते काढा. त्या चिन्हामुळेही पान दिसत नाही.

आता 'डिटेल'. एररची चौकट समोर असताना, तिच्यावर क्लिक न करता, नुसतं कंट्रोल आणि सी दाबा. विंडोजच्या साध्या चौकटीतला सगळा मजकूर कॉपी होतो, शीर्षकासकट. व्हॉट्सॲपमध्ये किंवा मेलमध्ये तो पेस्ट करा. फोटोतून आकडे वाचताना शून्य आणि इंग्रजी ओ यांची गल्लत होते, ती इथे होत नाही. असं कॉपी झालं नाही तर विंडोज, शिफ्ट आणि एस दाबून तेवढ्याच भागाचा स्क्रीनशॉट घ्या. मोबाइलनं काढलेला तिरका फोटो शेवटचा उपाय म्हणून ठेवा.

एररमधला लांब आकडा निरर्थक नसतो. '०एक्स८००७०००५' पाहा. यातला ८००७ हा भाग सांगतो की चूक विंडोजच्या स्वतःच्या यादीतली आहे आणि शेवटचे चार आकडे त्या यादीतला क्रमांक देतात. क्रमांक ५ म्हणजे परवानगी नाही. शेवट ००७० असेल तर डिस्क भरली आहे. म्हणून इंटरनेटवर शोधताना वाक्य न लिहिता हा आकडा इंग्रजीत जसाच्या तसा अवतरणचिन्हांत लिहा आणि पुढे सॉफ्टवेअरचं नाव जोडा. वाक्य प्रत्येक आवृत्तीत आणि भाषेत बदलतं, आकडा बदलत नाही.

कंपनीला पाठवायचा मजकूर पाच-सहा ओळींचा पुरे: 'विक्रीचं बिल सेव्ह करून प्रिंट दाबलं. बिल छापलं जायला हवं होतं, त्याऐवजी खालची एरर आली. काल संध्याकाळपर्यंत छापलं जात होतं. रात्री विंडोजचं अपडेट झालं, प्रिंटर तोच आहे. दुसऱ्या संगणकावरून छापलं जातं.' त्याखाली कॉपी केलेली एरर आणि विंडोजची आवृत्ती द्या. आवृत्तीसाठी विंडोज आणि आर दाबून इंग्रजीत 'विनव्हर' लिहा आणि एंटर दाबा. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि शेवटचं नीट चाललं तेव्हापासून काय बदललं, हे सांगितलं की समोरच्याला उलट प्रश्न विचारायला जागा उरत नाही. या चौघांतलं शेवटचं सगळ्यांत जास्त राहून जातं, आणि कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

प्रश्न: प्रोजेक्टसाठी मिळालेल्या सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या साध्या मजकुराच्या) फाइलमधल्या तारखा क्रमानं लागत नाहीत. मदतीच्या पानावर सांगितलेलं बटण माझ्या एक्सेलमध्ये नाही. एआयच्या चॅटबॉटला विचारलं तर त्यानंही नसलेला मेनू सांगितला. मग विश्वास कशावर ठेवायचा?
— कॉलेजचा विद्यार्थी, राजेंद्रनगर

उत्तर: मदतीचं पान ज्या स्क्रीनसमोर बसून लिहिलं गेलं ती स्क्रीन आणि तुमची स्क्रीन वेगळी आहे, एवढंच बहुतेक वेळा झालेलं असतं. मायक्रोसॉफ्टच्या पानावर शीर्षकाजवळ 'अप्लाइज टू' असतं, पान कोणत्या आवृत्तीचं ते तिथे कळतं. तुमची आवृत्ती एक्सेलमध्ये 'फाइल' आणि मग 'अकाउंट'मध्ये दिसते. एकाच पानावर विंडोज, मॅक आणि वेब असे वेगळे टॅबही असतात, आणि माणूस नकळत पहिलाच टॅब वाचतो. ब्राउझरमधल्या एक्सेलमध्ये अनेक बटणं नसतात. पान हिंदीत उघडलं असेल तर बटणांची नावंसुद्धा हिंदीत भाषांतर झालेली असतात आणि तुमच्या स्क्रीनवर ती इंग्रजीत असतात. अशा वेळी पानाच्या तळाशी भाषा बदलून इंग्रजी पान शेजारी ठेवा. समजुतीसाठी हिंदी किंवा मराठी वाचा, बटणाच्या नावासाठी इंग्रजी.

तुमच्या तारखांचा घोटाळा मात्र बटणाचा नाही. अमेरिकी पद्धतीत महिना आधी येतो. संगणकाचा प्रदेश अमेरिका ठेवलेला असेल तर १३/०४/२०२५ ही तारीख एक्सेलला कळतच नाही, कारण तेरावा महिना नसतो. ती मजकूर म्हणून चौकटीत डावीकडे चिकटते. जी खरी तारीख म्हणून ओळखली जाते ती उजवीकडे सरकते. आपण डावीकडच्या दुरुस्त करायला धावतो, पण धोका उजवीकडच्यांत आहे. ०५/०४/२०२५ ही आपली ५ एप्रिल तिथे मुकाट्यानं ४ मे झालेली असते. डावीकडची चूक निदान दिसते, ही दिसत नाही. म्हणून उघडलेल्या फाइलमध्ये दुरुस्ती करू नका. ती सेव्ह न करता बंद करा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज', मग 'लँग्वेज अँड रीजन' मध्ये जाऊन 'रीजनल फॉरमॅट' हे 'इंग्लिश (इंडिया)' करा आणि मूळ सीएसव्ही पुन्हा उघडा. सगळ्या तारखा उजवीकडे आल्या म्हणजे झालं. १२ किंवा त्याआधीचा दिवस असलेल्या चार-पाच तारखा मूळ फाइल नोटपॅडमध्ये उघडून ताडून पाहा.

चॅटबॉट शब्दकोशासारखा वापरावा, वाटाड्यासारखा नाही, असं आमचं मत आहे. 'रकाना दुसऱ्या कागदावर जातो, याला एक्सेलमध्ये काय म्हणतात?' असं मराठीत विचारलं तर तो 'स्केलिंग' हा शब्द बहुधा बरोबर देईल, कारण वेगवेगळे शब्द जुळवणं त्याला जमतं. पण तुमच्या आवृत्तीत कोणतं बटण कुठे आहे हे त्याला दिसत नसतं. तो अनेक आवृत्त्यांच्या मजकुरातून शक्य वाटणारा मेनू जुळवतो. प्रश्नात आवृत्ती आणि 'विंडोजवरचं डेस्कटॉप एक्सेल' असं लिहा. मिळालेला शब्द घेऊन अधिकृत पानावर जा आणि पायऱ्या तिथल्या घ्या.

प्रश्न: गूगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधून फोन केला. समोरच्यानं एक ॲप टाकायला सांगितलं आणि आकडा विचारला. मुलीनं वेळीच फोन काढून घेतला. असा नंबर खरा की खोटा हे कसं ओळखायचं?
— गृहिणी, सुदामानगर

उत्तर: मुलीनं अगदी योग्य केलं. शोधात वर आलेला नंबर कोणीही टाकलेला असू शकतो. नंबर घ्यायचा तो बिलावरून, कार्डाच्या मागच्या बाजूवरून, किंवा त्या कंपनीच्या ॲपमधल्या मदतीच्या पानावरून. तुम्ही फोन केलेला असो वा त्यांनी, अनोळखी माणसानं स्क्रीन पाहण्याचं ॲप टाकायला सांगितलं की फोन ठेवा. ते ॲप देत असलेला आकडा म्हणजे तुमच्या स्क्रीनची किल्ली असते.

यात आणखी दोन फसव्या मदती येतात. एक, पूर्ण स्क्रीन व्यापणारी 'व्हायरस सापडला, या नंबरवर फोन करा' अशी सूचना. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. ऑल्ट आणि एफ-फोर दाबा. बंद झालं नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केपनं टास्क मॅनेजर उघडून ब्राउझर 'एंड टास्क' करा, आणि पुन्हा उघडल्यावर जुनी पानं 'रिस्टोअर' करू नका. दुसरी नवी आणि जास्त घातक आहे: 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करण्यासाठी विंडोज आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर.' त्या पानानं तुमच्या नकळत एक आज्ञा कॉपी करून ठेवलेली असते आणि ती तुमच्याच हातानं चालवली जाते. माणूस असल्याची खात्री करण्यासाठी कोणतंही खरं पान असं करायला सांगत नाही.

ॲप टाकून आकडा देऊन झाला असेल तर आधी वाय-फाय आणि मोबाइल डेटा बंद करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा. मग ॲप काढा आणि पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला. पैसे गेले असतील तर प्रत्येक मिनिट मोलाचं आहे, तक्रार नीट लिहून काढण्यात वेळ घालवू नका.

प्रश्न: आमच्या मंडळाच्या ग्रंथालयाचं काम संगणकावर आणलं. सॉफ्टवेअर ओळखीच्या एका तरुणानं करून दिलं. काउंटरवर बसणारे सगळे साठीपुढचे आणि पाळीपाळीनं येणारे. मी ३८ पानांची माहितीपुस्तिका लिहून, पीडीएफ करून डेस्कटॉपवर ठेवली. ती कोणी उघडत नाही आणि फोन मलाच येतो. मजकूर कृतिदेव या जुन्या देवनागरी फॉन्टमध्ये टाइप केला आहे. काय सुधारू?
— ग्रंथालयाचे चिटणीस, रामबाग

उत्तर: हे पत्र वाचून फार बरं वाटलं. मदत लिहायला वेळ देणारी माणसं थोडी, आणि तुमची सगळी मेहनत कामी येऊ शकते. पण पुस्तिकेचा आकार मोडावा लागेल.

आयबीएमच्या संशोधन केंद्रात जॉन कॅरोल यांनी १९८०च्या दशकात लोक नवं सॉफ्टवेअर कसं शिकतात ते पाहिलं. लोक वाचून मग सुरू करत नाहीत. ते सुरू करतात, अडतात, आणि अडल्यावर तेवढंच शोधतात. प्रस्तावना, उद्देश, 'मॉड्यूलची ओळख' हे सगळं वगळून त्यांनी फक्त काम आणि चूक सुधारणं यांच्यावर पुस्तिका बेतली. काउंटरवर सभासद वाट पाहत उभा असतो, तेव्हा ३८ पानांत शोधायला कोणाला सवड?

सुरुवात टेलिफोनपासून करा. दोन आठवडे फोनजवळ वही ठेवा आणि प्रत्येक फोनला समोरच्याचं पहिलं वाक्य जसंच्या तसं उतरवा, सुधारू नका. 'अहो, पुस्तक परत आलं पण नाव अजून लालच दिसतंय.' हेच तुमच्या पानाचं शीर्षक. पुस्तिकेत ते बहुधा 'परतावा प्रक्रिया' या नावाखाली दडलेलं असेल. दोन आठवड्यांत कोणते मोजके प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते दिसेल. आधी तेवढीच पानं लिहा.

प्रत्येक पानावर एकच काम, पायऱ्या सातच्या आत. पायरीत आधी जागा सांगा, मग कृती, मग काय दिसेल ते. 'सेव्ह दाबून वरच्या उजव्या कोपऱ्यातलं...' असं लिहिलं तर वाचणारा कोपरा शोधायच्या आधीच सेव्ह दाबून मोकळा होतो. असं लिहा:

१. वरच्या पट्टीत उजवीकडे 'परत' दाबा. रिकामी चौकट उघडेल.
२. त्या चौकटीत पुस्तकाच्या पाठीवरचा क्रमांक टाका आणि एंटर दाबा. पुस्तकाचं नाव दिसेल. नाव आलं नाही तर क्रमांकाआधीची शून्यं राहिली असतील. क्रमांक पाच आकडी हवा.
३. नावाखालचं 'परत घेतलं' दाबा. लाल रंग जाऊन हिरवा येईल.

दुसऱ्या पायरीतली अडचण तिथेच दिली आहे, शेवटच्या 'सामान्य अडचणी' या प्रकरणात नाही. माणूस जिथे अडतो तिथेच तो वाचत असतो.

चित्रं कमी ठेवा. पूर्ण स्क्रीनचं चित्र पानात बसवलं की अक्षरं मुंगीएवढी होतात. बटण आणि त्याच्या आसपासचा ओळखू येईल एवढाच भाग कापून घ्या. सॉफ्टवेअरमध्ये रंग बदलला की चित्र जुनं होतं आणि वाचणाऱ्याला वाटतं आपणच चुकीच्या जागी आलो. शब्द जास्त टिकतात.

त्या तरुणाकडून तीन गोष्टी करून घ्या. प्रत्येक स्क्रीनवर 'मदत' एकाच जागी हवी. वेबच्या सुगमतेच्या निकषांत, म्हणजे ऑक्टोबर २०२३च्या डब्ल्यूसीएजी २.२मध्ये, हे अगदी पहिल्या पातळीवर घातलेलं आहे. ती दाबल्यावर त्याच स्क्रीनचं पान उघडावं, अनुक्रमणिका नव्हे, आणि वेगळ्या टॅबमध्ये उघडावं. अर्धवट भरलेली नोंद मदत दाबल्यामुळे एकदा जरी पुसली गेली, तरी तो माणूस पुन्हा मदत दाबणार नाही. तिसरी गोष्ट एरर. 'अवैध नोंद' काढून 'सभासद क्रमांक चार आकडी हवा, उदाहरणार्थ ०४१७' असं लिहिलं की त्या अडचणीसाठी मदतीचं पानच लागत नाही. हे काम तासाभराचं आहे आणि फोन सगळ्यांत जास्त यानंच कमी होतील.

आता कृतिदेव. ते सोडावंच लागेल. कृतिदेवमध्ये दिसतो 'क', पण फाइलमध्ये साठतो इंग्रजी डी. फॉन्ट फक्त त्यावर देवनागरीचं रूप चढवतो. म्हणून त्या पीडीएफमध्ये 'पावती' शोधली तर सापडत नाही, भाषांतर होत नाही, आणि स्क्रीन रीडर (न दिसणाऱ्यांना स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) इंग्रजी अक्षरांचा गोंधळ वाचतो. मजकूर कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, आणा, पण जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासा, तिथे तो चुकतो. रेमिंग्टनची, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या बटणांची, सवय सोडायची गरज नाही. 'रेमिंग्टन गेल' हा कीबोर्ड त्याच बोटांनी युनिकोड टाइप करतो.

युनिकोडमध्ये आल्यावरही मराठीला दोन खाचखळगे आहेत, आणि मदतीचा शोध त्यांत हमखास अडकतो. 'ॲप'मधला ॲ एक अखंड अक्षर म्हणून साठू शकतो, किंवा अ आणि त्यावरची चंद्रकोर अशा दोन तुकड्यांत. दिसायला सारखंच, पण साधा शोध त्यांना वेगळे शब्द समजतो, आणि युनिकोडचं नेहमीचं एकरूपीकरणही त्यांना एक करत नाही. तसंच 'दुसऱ्या'मधल्या ऱ्याचं. कोणी तो ऱ या स्वतंत्र अक्षरानं लिहितो, कोणी साध्या र ला अदृश्य जोडचिन्ह लावून. (ल आणि श यांच्या मराठी आणि हिंदी वळणांची काळजी नको. तो फक्त फॉन्टचा फरक आहे, साठवण एकच.) शोध घेण्याआधी दोन्ही रूपं एका रूपात आणायला त्या तरुणाला सांगा. मराठी आणि इंग्रजी आकड्यांचंही तेच.

आणि शब्दांची भर घाला. वर्गणीला इंदुरात कोणी चंदा म्हणेल, कोणी फी, कोणी मेंबरशिप. प्रत्येक पानाच्या तळाशी 'हेही म्हणतात' अशी एक ओळ ठेवा आणि वहीतले सगळे शब्द त्यात घाला, बरोबर-चूक न ठरवता. फर्नस यांच्या अभ्यासानं हाच उपाय सुचवला होता: एका गोष्टीला जितकी नावं लोक देतात तितकी सगळी ओळखा.

लिहून झालं की पाच जणांना एकेक करून बसवा. काम सांगा, 'हे पुस्तक परत घ्या', आणि गप्प राहा. बोट कुठे थांबतं ते लिहा, सांगायचा मोह आवरा. वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांच्या हिशेबानं एका माणसाकडून सरासरी ३१ टक्के अडचणी दिसतात, पाचांकडून ८५ टक्क्यांच्या आसपास. दहा जणांची एक फेरी घेण्यापेक्षा पाच जणांनंतर दुरुस्ती करून पुन्हा पाच घेणं बरं. प्रत्येक पानाखाली तारीख टाका. आणि सगळ्यांत जास्त लागणारी तीन पानं मोठ्या अक्षरांत छापून, लॅमिनेट करून काउंटरवर टांगा. वीज गेली किंवा संगणकच बंद पडला, तर त्याबद्दलची मदत संगणकात ठेवून काय उपयोग?

प्रश्न: वडिलांना आता दिसत नाही. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरायला लागलेत, पण आज्ञा लक्षात राहत नाहीत आणि महूच्या घरी नेट धड नसतं. मदत कशी द्यावी?
— वाचक, महू

उत्तर: एनव्हीडीएची मार्गदर्शिका संगणकातच बसते. इन्सर्ट आणि एन दाबल्यावर येणाऱ्या मेनूत 'हेल्प', त्यात 'यूजर गाइड', नेट लागत नाही. पण त्यांना आधी इन्सर्ट आणि वरच्या ओळीतला १ एकत्र दाबायला शिकवा. हा सरावाचा प्रकार आहे. तो चालू असताना कोणतंही बटण दाबलं तरी काम होत नाही, ते बटण काय करतं एवढंच ऐकू येतं. काही बिघडेल ही भीती जाते. बंद करायलाही तेच दाबायचं. लिहिण्यासाठी लिब्रेऑफिस वापरत असतील तर त्याची मदत वेगळी उतरवावी लागते, मुख्य फाइलबरोबर ती येत नाही. डाउनलोडच्या पानावर मुख्य बटणाखाली ऑफलाइन मदतीचा दुवा असतो. आवृत्तीचा आकडा मुख्य सॉफ्टवेअरशी जुळणारा घ्या, नाहीतर एफ-वन पुन्हा इंटरनेटच शोधत बसेल. इंदूरला आलात की ती फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन जा.